हप्ता झेपेना? बँकेत कधी जायचं, काय मागायचं

कर्जदार शाखेत दोनदा येतो. एकदा कर्ज घ्यायला आणि एकदा नोटीस आल्यावर. त्याच्या मधे एक फेरी मारायची असते, ती बहुतेक जण मारत नाहीत. मी बरीच वर्षं एका बँकेत कर्जाच्या टेबलामागे बसले, आणि सगळ्यात जास्त हळहळ वाटली ती या न मारलेल्या फेरीची.

एमआयडीसीतल्या कारखान्यात काम करणारे एक गृहस्थ एकदा कापडी पिशवी घेऊन आले. पिशवी टेबलावर उपडी केली आणि म्हणाले, "मॅडम, हे सगळं तुमच्याकडूनच आलंय." अकरा पाकिटं. एकही फोडलेलं नव्हतं. मी कात्रीने एकेक उघडत गेले. तिसऱ्या पाकिटात आमच्याच शाखेचं साधं पत्र होतं: अडचण असल्यास येऊन भेटा, हप्त्याबद्दल बोलू. त्यावरची तारीख आठ महिन्यांपूर्वीची. मधल्या आठ महिन्यांत त्यांनी क्रेडिट कार्डावरून रोकड काढून चार हप्ते भरले होते आणि पुढचे भरलेच नव्हते. त्या तिसऱ्या पत्राच्या वेळी जे करता आलं असतं, त्यातलं निम्मं आता हातातून गेलं होतं.

म्हणून हा लेख. गृहकर्ज डोळ्यांसमोर ठेवून लिहिलाय, पण वाहनकर्ज किंवा वैयक्तिक कर्जालाही यातलं बरंच लागू पडतं.

पहिली पायरी: दिवस मोजा

बँकेच्या संगणकाला तुमची अडचण कळत नाही, दिवस कळतात. हप्ता चुकला की पहिले ३० दिवस खातं 'एसएमए-०' (एसएमए म्हणजे खास लक्ष ठेवायचं खातं) या खान्यात बसतं, ३१ ते ६० दिवस 'एसएमए-१', ६१ ते ९० 'एसएमए-२'. ९० दिवस उलटले की खातं एनपीए, म्हणजे अनुत्पादक. ही विभागणी रिझर्व्ह बँकेची आहे, शाखेतल्या साहेबांच्या मर्जीची नाही.

९० दिवसांआधी तुमची फाइल शाखेत किंवा विभागीय कार्यालयात असते आणि तिच्याकडे 'चालू कर्ज' म्हणून बघतात. नंतर ती वसुली विभागाकडे जाते. तिथल्या माणसांचं कामच वेगळं असतं, आणि तुमच्याशी बोलण्याचा सूरही. तेव्हा नोकरी गेली, धंदा बसला, घरात मोठं आजारपण आलं, तर पहिला हप्ता चुकण्याआधीच शाखेत जा. "अजून एकही हप्ता चुकला नाही, पण पुढच्या महिन्यापासून जमणार नाही" हे वाक्य बोलणाऱ्या माणसाला बँक जितकं देऊ शकते, तितकं नंतर कोणालाच देऊ शकत नाही.

आणखी एक. हप्ता खात्यातून आपोआप वळता होत असेल आणि खात्यात पैसे नसतील, तर परतीचा भुर्दंड दोन्हीकडून बसतो: कर्ज देणाऱ्या बँकेकडून आणि ज्या बँकेत खातं आहे तिच्याकडूनही. शिवाय चेक परत गेला तर चेकच्या कायद्यातल्या (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अॅक्ट) कलम १३८ चा खटला होऊ शकतो, आणि आपोआप वळत्या होणाऱ्या हप्त्यालाही २००७ च्या पेमेंट कायद्यात तसंच कलम आहे. नुसतं कर्ज थकणं हा गुन्हा नाही, ती दिवाणी बाब आहे. पण परत गेलेल्या चेकचं तसं नाही. शाखेत भेटायला उशीर करू नका म्हणते त्याचं हेही एक कारण.

दुसरी पायरी: एका कागदावर घर मांडा

वहीचं एक पान घ्या. डावीकडे येणारे पैसे, उजवीकडे जाणारे. किराणा, भाडं, वीज, शाळेची फी, औषधं, आईवडिलांना पाठवायचे पैसे, बिशी, सगळं. प्रत्येक कर्जाचा हप्ता आणि शिल्लक वेगळी लिहा, हातउसनेही. हे पान बँकेसाठी आहे, पण आधी तुमच्यासाठी. "थोडा हप्ता कमी करा" असं म्हणणाऱ्याला टेबलापलीकडचा माणूस विचारतो, "किती?" आणि उत्तर तयार नसेल तर बोलणं तिथंच संपतं.

पैसे सगळ्यांना पुरणार नसतील तर आधी कोणाचे भरायचे? माझं मत स्पष्ट आहे: राहत्या घराचं कर्ज आधी, जामीनदाराच्या सहीचं कर्ज त्याच्या बरोबरीने, क्रेडिट कार्ड नंतर. कार्डवाल्यांचे फोन सगळ्यात जास्त येतात म्हणून लोक आधी कार्ड भरतात आणि घर थकवतात. फोन किती येतात यावरून क्रम लावू नका.

एक जाता जाता. ज्या बँकेचं कर्ज थकायला लागलंय, तिच्याच बचत खात्यात घरखर्चाचे पैसे असतील तर बँक ते थकबाकीत वळते करून घेऊ शकते. पुष्कळांना हे किराण्याच्या दुकानात कार्ड चाललं नाही की कळतं.

तिसरी पायरी: काय मागायचं ते ठरवून जा

इथं जरा थांबू, कारण सगळ्यात जास्त चुका इथंच होतात. उदाहरणासाठी एक कर्ज घेऊ: २५ लाख, ९ टक्के व्याज, २० वर्षं. हप्ता २२,४९३ रुपये. पाच वर्षं नियमित भरले, तर अजून सुमारे २२ लाख १८ हजार मुद्दल शिल्लक असतं आणि १८० हप्ते उरलेले असतात.

सगळ्यात आधी व्याजदर तपासा. १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांना नवी बदलत्या दराची गृहकर्जं रेपोसारख्या (रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना कर्ज देते तो दर) बाहेरच्या दराला जोडावी लागतात. त्याआधीचं कर्ज असेल तर ते कदाचित अजून जुन्याच पद्धतीवर रेंगाळत असेल. २०२५ मध्ये फेब्रुवारी ते जून या काळात रेपो दर ६.५० वरून ५.५० टक्क्यांवर आला. पुष्कळ बँकांनी दर उतरवले, पण हप्ता तोच ठेवून मुदत कमी केली. हात आखडलेल्या माणसाला कमी मुदत नको असते, कमी हप्ता हवा असतो, आणि तो मागता येतो. आपल्या उदाहरणात दर ९ चा ८ झाला आणि मुदत तशीच ठेवली, तर हप्ता २१,१९३ वर येतो. तेराशे रुपये ही मोठी रक्कम नाही, मान्य. पण यासाठी खात्यावर कसलाच शिक्का बसत नाही. जुन्या पद्धतीवरून नव्यावर यायला बँक थोडं शुल्क घेते, तेवढं विचारून घ्या.

दुसरा पर्याय मुदतवाढ. उरलेली १५ वर्षं २० केली, तर ९ टक्क्यांनी हप्ता साधारण १९,९५० होतो. महिन्याला अडीच हजार वाचतात. पण शेवटपर्यंत एकूण सुमारे ७ लाख ४० हजार रुपये जास्त जातात. म्हणून मुदत वाढवून घ्या, पण दिवस पालटले की हप्ता पुन्हा वाढवायचा हे घरात सगळ्यांदेखत ठरवून टाका.

तिसरा पर्याय काही महिने हप्ता थांबवणं. २०२० मध्ये मार्च ते ऑगस्ट अशी सवलत सगळ्यांना मिळाली होती, तेव्हापासून लोकांना वाटतं की थांबवला म्हणजे माफ झाला. तसं नसतं. सहा महिने काहीच भरलं नाही तर व्याज मुद्दलात मिळून शिल्लक सुमारे १ लाख २ हजारांनी वाढते. पुढे तोच हप्ता चालू ठेवला तर १८० ऐवजी १९९ हप्ते भरावे लागतात. चुकले सहा, वाढले एकोणीस.

आणि चौथा, मला स्वतःला सगळ्यात शहाणपणाचा वाटणारा: ठरावीक महिने फक्त व्याज भरणं. आपल्या कर्जावर महिन्याचं व्याज १६,६३२ रुपये होतं. तेवढं भरत राहिलात तर मुद्दल हलत नाही, पण वाढतही नाही. बँकेलाही हे पचतं, कारण खात्यात दर महिन्याला काहीतरी जमा होताना दिसतं.

आता एक अडचणीची गोष्ट, जी टेबलापलीकडून सहसा सांगत नाहीत. आर्थिक अडचणीमुळे हप्ता किंवा मुदत बदलली की बँकेच्या भाषेत ते 'पुनर्गठन' होतं. असं खातं नियमाप्रमाणे सहसा एनपीएत धरावं लागतं, आणि क्रेडिट रिपोर्टमध्येही, म्हणजे तुमच्या कर्जफेडीच्या इतिहासाच्या अहवालातही, तशी नोंद जाते. अधिकारी टाळाटाळ करतात ती पुष्कळदा यापायी. त्यामुळे आधी दराचा मार्ग, मग बाकीचे, या क्रमाने बोला. आणि पुनर्गठन घ्यायची वेळ आलीच, तर "क्रेडिट रिपोर्टवर काय नोंद जाईल?" हे सही करण्याआधी विचारा.

पीककर्जाचं गणित निराळं आहे. अतिवृष्टी किंवा दुष्काळ जाहीर झाल्यावर, गावची पैसेवारी (पीक किती आलं याचा सरकारी अंदाज) ५० पैशांच्या आत आल्यावर, पीककर्जाचं रूपांतर मुदत कर्जात करता येतं. त्यासाठी शाखेत जाऊन संमती द्यावी लागते. ही कर्जमाफी नव्हे. माफी कधी होईल या आशेवर रूपांतराची तारीख घालवून बसलेले शेतकरी मी पाहिलेत, आणि पुढच्या हंगामात त्यांना नवं पीककर्ज मिळालं नाही.

चौथी पायरी: अर्ज

तोंडी सांगितलेलं बँकेत कुठेच राहत नाही. आज ऐकून घेणाऱ्या साहेबांची तीन महिन्यांत बदली होते. म्हणून अर्ज, आणि दोन प्रतींत. एक त्यांना द्या, दुसरीवर शिक्का, तारीख आणि सही घेऊन पोच म्हणून जपून ठेवा. पोच द्यायला कोणी कां-कूं केली, तर तोच अर्ज शाखेच्या अधिकृत ईमेलवर पाठवा किंवा रजिस्टर्ड पोस्टाने.

अर्ज एका पानाच्या वर नको. साधारण असा:

"प्रति, शाखा व्यवस्थापक. विषय: गृहकर्ज खाते क्र. ______, सहा महिन्यांसाठी फक्त व्याज भरण्याची सवलत मिळणेबाबत.

महोदय, वरील कर्जाचे आजवरचे सर्व हप्ते मी वेळेवर भरले आहेत. दि. ______ पासून कंपनीने मला कामावरून कमी केले आहे (पत्र सोबत जोडले आहे). सध्या घरात फक्त माझ्या पत्नीचा दरमहा रु. ३१,००० पगार येतो. पुढील सहा महिने मी दरमहा रु. १७,००० भरू शकतो. त्यानंतर पूर्ण हप्ता सुरू करीन. तरी या काळात फक्त व्याज आकारावे, ही विनंती. आपला निर्णय कृपया लेखी कळवावा."

बघा, यात गयावया नाही, देवाच्या शपथा नाहीत आणि "गरीब माणसाला न्याय द्या" नाही. काय झालं, किती येतं, किती भरू शकतो, कधीपर्यंत. अर्ज वाचणाऱ्याला पुढे विभागीय कार्यालयात टिपण पाठवायचं असतं, त्याला हेच चार आकडे लागतात. शेवटचं 'लेखी कळवावे' विसरू नका.

सोबत जोडा: नोकरी गेल्याचं पत्र किंवा रुग्णालयाची कागदपत्रं, मागच्या सहा महिन्यांचा बँक खात्याचा उतारा, घरातल्या दुसऱ्या कमावत्या माणसाचं पगारपत्रक आणि ते वहीचं पान, नीट उतरवून. सहकर्जदार असेल तर त्याची सही अर्जावर लागतेच. कर्ज घेताना विमा गळ्यात मारला असेल तर ती पॉलिसीही शोधून वाचा. काही पॉलिसींत अपंगत्व, गंभीर आजार किंवा नोकरी जाणं यांवर काही हप्ते मिळण्याची सोय असते, आणि दाव्याला मुदत असते.

पाचवी पायरी: शाखेत

सोमवारी जाऊ नका, महिन्याच्या पहिल्या आणि शेवटच्या आठवड्यात जाऊ नका, मार्चमध्ये तर शक्यतो नाहीच. मधल्या आठवड्यात, दुपारी तीननंतर, गर्दी ओसरल्यावर. काउंटरवर कहाणी सांगत बसू नका, कर्जाचं काम बघणाऱ्या अधिकाऱ्याचं नाव विचारून त्यांनाच भेटा. नवरा-बायको दोघं गेलात तर उत्तम. घरी न सांगता एकट्याने आलेला माणूस टेबलावर काहीही कबूल करून जातो आणि पुढच्या महिन्यात ते मोडतं.

झेपेल तेवढंच कबूल करा. एकदा शब्द मोडला की दुसऱ्या वेळी कोणी टिपण पाठवत नाही. आणि त्याच दिवशी जमेल ते, दोन हजार का होईना, कर्जखात्यात भरून पावती घ्या.

कर्जखात्याचा उताराही मागून घ्या. २०२४ पासून थकलेल्या हप्त्यावर दंड म्हणून वाढीव व्याज लावायला रिझर्व्ह बँकेने मनाई केली आहे. दंड शुल्क लावता येतं, पण ते मुद्दलात मिळवून त्यावर पुन्हा व्याज लावता येत नाही. उताऱ्यात तसं दिसलं तर पेनाने खूण करून लेखी विचारा.

बँक दाद देत नसेल तर

आधी त्याच बँकेच्या तक्रार विभागाकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. तक्रार ऑनलाइन होते, फी नाही, वकील लागत नाही. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. मात्र "मला सवलत दिली नाही" एवढ्यावर लोकपाल फारसं काही करत नाही, कारण सवलत देणं हा बँकेचा व्यावसायिक निर्णय धरला जातो. चुकीचे आकार, उत्तर न देणं, वसुलीतली दांडगाई, यांवर तक्रार टिकते.

कर्ज पतसंस्थेचं असेल तर हा लोकपाल तुमच्या कामाचा नाही. पतसंस्था सहकार खात्याखाली येतात, तेव्हा तालुक्याच्या सहायक निबंधकांचं किंवा जिल्ह्याच्या उपनिबंधकांचं कार्यालय गाठावं लागतं. पतसंस्थेला सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुलीचा दाखला मिळतो, आणि तो एकदा मिळाला की पुढची कारवाई झपाट्याने होते. सुनावणीची नोटीस आली तर त्या तारखेला हजर राहाच. जामीनदारालाही सांगून ठेवा. त्याची जबाबदारी कायद्याने तुमच्याइतकीच असते, आणि त्याला ही बातमी नोटिशीतून कळण्यापेक्षा तुमच्या तोंडून कळलेली बरी.

वसुलीवाले दारात आले तर

सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर थकबाकीसाठी फोन करायचा नाही, असा नियम आहे. ओळखपत्र आणि बँकेचं अधिकारपत्र मागा. शिवीगाळ, शेजाऱ्यापाजाऱ्यांत बोभाटा, नातेवाइकांना फोन, यातलं काहीही चालत नाही. तारीख, वेळ आणि क्रमांक लिहून ठेवा आणि बँकेला लेखी कळवा. पण वसुलीवाल्याच्या हातात रोख पैसे देऊ नका. भरायचे ते कर्जखात्यात.

आणि हप्ता भरण्यासाठी मोबाइलवरच्या झटपट कर्जाच्या अॅपकडे किंवा खासगी सावकाराकडे वळू नका. वरची सगळी पानं मी यासाठीच लिहिली असं समजा.

नोटीस आलीच तर

घर तारण असेल तर बँक २००२ च्या सरफेसी कायद्याखाली (कोर्टात न जाता तारण ताब्यात घेऊन विकण्याचा कायदा) ६० दिवसांची नोटीस देते. हे ६० दिवस वाट बघण्यासाठी नसतात. या काळात तुम्ही लेखी हरकत घेऊ शकता, आणि बँकेला १५ दिवसांत कारणांसह उत्तर द्यावं लागतं. सहकारी बँकांनाही हा कायदा लागू आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या मुरगूडच्या सहकारी बँकेच्या खटल्यात २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने तो प्रश्न निकाली काढला. शेतजमिनीला मात्र हा कायदा लागत नाही. बँकेने ताब्याची कारवाई केलीच तर ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणात अर्ज करता येतो. आपल्याकडे ही न्यायाधिकरणं मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथं आहेत. त्यासाठी वकील केलेला बरा. महिलांना, अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना आणि कमी उत्पन्न असलेल्यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून तो मोफत मिळू शकतो. त्यांचा क्रमांक १५१००.

इथवर आलात आणि घर टिकणार नाही हे दिसत असेल, तर लिलावाची जाहिरात निघण्याआधी बँकेच्या संमतीने स्वतः विका. लिलावातल्या घराला बाजारभाव सहसा मिळत नाही. हे सांगताना मला बरं वाटत नाही, पण दोन कुटुंबांना मी हे वेळेत सांगितलं आणि त्यांच्या हातात दुसरीकडे भाड्याने राहण्यापुरते तरी पैसे उरले.

तडजोड

खातं एनपीए झाल्यावर बँक 'ओटीएस', म्हणजे एकरकमी तडजोड, देऊ करते. काही रक्कम भरा, उरलेली सोडतो. लोकअदालतीच्या नोटिशीतही बहुधा हेच असतं. तिथं झालेला निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही, त्यामुळे रक्कम नीट ठरवूनच सही करा. तडजोडीची रक्कम, तारखा आणि 'यानंतर काही येणे नाही' हे शब्द बँकेच्या पत्रावर आल्याशिवाय एक रुपया भरू नका. रिपोर्टमध्ये 'सेटल्ड' अशी नोंद राहते आणि निदान वर्षभर ती बँक नवं कर्ज देत नाही. क्रेडिट रिपोर्ट तयार करणाऱ्या सिबिलसह चारही संस्थांकडून वर्षाला एक रिपोर्ट फुकट मिळतो, तो मागवून नोंद बरोबर गेली का ते बघा.

कर्ज मिटल्यावर बँकेने ३० दिवसांत घराची मूळ कागदपत्रं परत द्यायची असतात. तिच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये तुम्हाला मिळतात. ना-देय दाखला घेतला की तिथं थांबू नका. बोजा कमी करण्याचं पत्रही त्याच दिवशी मागून घ्या. जमीन असेल तर ते तलाठ्याकडे द्या, फेरफार मंजूर होऊ द्या, आणि नवा सातबारा काढून 'इतर हक्क' रकान्यातून बँकेचं नाव गेलंय ना, ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा.